पाखराचा कौल

‘पोपटपंची’ हा शब्द ज्या कुणी काढला, त्यानं आमच्या अख्ख्या जातीची बदनामी करून ठेवली, आणि आजवर त्याला कुणी जाब विचारलेला नाही. तो कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण तो घाईत होता, आणि निकाल देण्याआधी त्यानं एकाही पोपटाची बाजू ऐकली नव्हती, असा माझा जाहीर आरोप आहे.

होय, मी पोपटच बोलतोय. शाळेच्या वह्यांमध्ये फाटकी छत्री बोलते, आटलेली विहीर बोलते, बंद पडलेलं घड्याळसुद्धा पानभर रडतं. त्यांना कुणी विचारत नाही, ‘बाई गं, तू बोलतेस ते तुला कळतं का?’ हा प्रश्न खास माझ्यासाठी राखून ठेवलाय. या सगळ्यांत खरोखर बोलणारा मी एकटा, आणि संशयही माझ्यावरच!

तर हा संशय खरा की खोटा, ते माझी हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा. यात माझी शोभा होणार आहे, पण त्याची मला सवय आहे. कुणाची फजिती झाली की तुम्ही म्हणता, ‘पोपट झाला’. मी तर जन्मतःच झालेलो आहे.

नांदूरघाटच्या वाटेवर एक म्हातारा लिंब होता. त्याच्या ढोलीत मी जन्मलो. रस्ता रुंद करायचा म्हणून लिंब पाडला आणि त्याबरोबर आमचं घरही आडवं झालं. मशीनवरच्या ड्रायव्हरनं मला टोपीत घातलं आणि नेकनूरला चहाला थांबला. हॉटेलवाल्या केसरबाईनं टोपीत डोकावून पाहिलं.

“आरं, ह्याच्या अंगावर पिसं बी न्हाईत. मरंल की हे!”

तिनं मला काढून घेतलं आणि चहात भिजवलेली खारी माझ्या चोचीत घातली. तो माझ्या आयुष्यातला पहिला घास. माझ्या पुढच्या सगळ्या मोठेपणाचा खुलासा त्या एका घासात आहे, पण तेव्हा मला वाटलं, ही नुसती खारी आहे.

केसरबाईचं हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि एक कायम पेटलेली भट्टी. पण जागा मोक्याची. जनावरांच्या बाजाराच्या अगदी तोंडाशी. बाजाराच्या दिवशी बैल, म्हशी, शेरडं, मेंढरं आणि माणसं आमच्या पुढूनच आत जायची. त्यातली फक्त माणसं चहाला थांबायची.

मी आधी ‘या, बसा’ शिकलो. मग अर्ध्या चहाची ऑर्डर, ‘दोन कट’. मग ‘लई झालं आता’, जे केसरबाई कुणालाही, कशालाही म्हणायची. लोक हसायचे, खारी द्यायचे. मी जास्त बोलायचो, ते जास्त हसायचे. कुणीतरी म्हणालं, “आयला, हे तर कोर्टात उभं ऱ्हाईल!” तेव्हापासून माझं नाव ‘वकील’ पडलं.

नाव पडलं आणि माझं डोकं फिरलं. मी मुक्या जनावरांचा वकील आहे, असं मला मनापासून वाटायला लागलं. रस्त्यानं बैल चालला की मी पिंजऱ्यातून त्याच्यासाठी आवाज उठवायचो. ‘दोन कट!’ म्हणायचो. बैल वळूनसुद्धा बघायचा नाही. मला वाटायचं, समाज अजून तयार नाही.

मला कळतं की नाही, यावर हॉटेलात कायम वाद चालायचा. केसरबाई माझ्या बाजूनं होती. तिचा पुरावा असा की, दूध उतू जायला लागलं की मी ‘दूध! दूध!’ ओरडतो. हे खरं आहे. बीडला कॉलेजला जाणारा सुरज माझ्या विरुद्ध होता. त्याचा पुरावा असा की, एसटीनं ब्रेक मारला, हवा फुस्स झाली, की तेव्हाही मी ‘दूध! दूध!’च ओरडतो. दुर्दैवानं हेही खरं आहे. एका कंडक्टरनं तर घाबरून गाडीखाली वाकून पाहिलं होतं.

याच सुरजनं एकदा मोबाइलमध्ये वाचून दाखवलं, “मावशी, पोपट पाळणं गुन्हा हाय. पिंजऱ्यात ठिवता येत न्हाई.”

“मग आधी का न्हाई सांगितलं रं?” म्हणत केसरबाईनं तिथल्या तिथं पिंजऱ्याचं दार काढून टाकलं.

स्वातंत्र्याबद्दल माझी मतं जहाल आहेत. मी त्याच क्षणी उडालो आणि समोरच्या बाभळीवर जाऊन बसलो. आता रानात जायचं, आपल्या लोकांना जागं करायचं, असं ठरवलं. तेवढ्यात हॉटेलात कुणीतरी खारीचा पुडा फोडला. कागदाचा तो आवाज मला बाभळीवर ऐकू आला. मी परत आलो. ती माझी संपूर्ण स्वातंत्र्याची चळवळ. तेव्हापासून मी छताच्या बांबूवर मोकळा राहतो, आणि पिंजऱ्यात केसरबाई लसूण ठेवते.

आता रामप्रसादबद्दल सांगितलं पाहिजे.

रामप्रसाद बाजारातला दलाल. पांढरी विजार, खांद्यावर उपरणं, बोलण्याआधी घसा खाकरायची सवय. बाजाराच्या दिवशी तो आमच्याच बाकड्यावर बसायचा. माझ्याकडे बघून खाकरायचा आणि म्हणायचा, “द्या सोडून! घरचाच माणूस हाय!” मग खिशातला कागद चुरचुरायचा, आणि त्यातून खारी निघायची. मला वाटलं, एक विचारी माणूस आपल्याला ओळखणारा भेटला. मी ते वाक्य असं घोटून पाठ केलं की पुढे पुढे त्याला वाक्य म्हणावंच लागायचं नाही. नुसता खिसा चुरचुरला की माझ्या तोंडून ते बाहेर पडायचं.

एकदा एका शेतकऱ्याचा जीव म्हैस द्यायला होत नव्हता. तो आमच्या दारात दावं धरून उभा होता. मी म्हणालो, ‘द्या सोडून! घरचाच माणूस हाय!’ त्यानं वर पाहिलं, हात जोडले आणि म्हैस दिली. झालं. नेकनूरच्या बाजारात पाखरू कौल देतं, ही बातमी गावोगाव गेली. लोक माझ्याकडे बघून सौदे ठरवायला लागले. मी मान तिरकी करून बसायला लागलो, कारण विचारवंत तसेच बसतात.

एक गोष्ट मात्र मला त्या बाजारात कधीच पटली नाही. माणसं दिवसभर एवढी बडबडतात, आणि भाव मात्र तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घालतात, वरून उपरणं टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव करतात; जेवढी बोटं, तेवढे दहा हजार. बाहेर तोंडानं चाललेलं असतं, ‘हे बघा’, ‘न्हाई जमत’, ‘आता वाढवा जरा’. आतलं बाहेर कुणालाच कळत नाही. मला माणसाचं सगळं बोलणं यायचं, आणि बाजाराची खरी भाषा उपरण्याखाली होती! माझ्यासारख्या वक्त्याचा हा अपमान होता.

असो. तर ताराबाई आली तो दिवस.

ताराबाई पाटोद्याकडची मेंढपाळ. नवरा मागच्या साली गेला, तेव्हापासून कळप तीच सांभाळते. भाड्याच्या टेम्पोतून तिनं एक एडका उतरवला. काळाभोर, वळणदार शिंगांचा नर मेंढा, बघत राहावं असा. त्याच्यामागं तिच्या मेंढ्या उतरल्या. मेंढ्या तिनं आमच्या खांबाला बांधल्या.

“अक्का, ह्यांच्याकडं जरा ध्यान ठिवा.”

“ह्या बी इकायच्या का?” केसरबाईनं चहा गाळता गाळता विचारलं.

“एडक्याला बरा भाव आला तर न्हाई. माझ्या पोरीचा, योगिताचा, नर्सिंगला नंबर लागलाय. एडक्यात भागलं तर ह्या परत घरी येतील. न्हाई भागलं तर ह्या बी जातील. आन् ह्या गेल्या की माझ्या हातात काय ऱ्हायलं, अक्का? कोयताच.”

आमच्याकडं कोयता म्हणजे काय, हे विचारायची वेळ येत नाही. सुगी संपली की निम्मं गाव ट्रकात बसून ऊस तोडायला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. ताराबाईला ते नको होतं. केसरबाईनं तिचा चहाचा कप जरा काठोकाठ भरला.

एडक्याभोवती गर्दी जमली. तानाजी नावाचा परगावचा व्यापारी पुढं आला. त्यानं दात बघितले, पाठीवर हात दाबून बघितला.

“काय मागता बाई?”

ताराबाईनं तोंड उघडलं, तोच रामप्रसाद मध्ये आला.

“आगं ताई, तोंडानं भाव सांगतेस व्हय? ही काय मेथीची जुडी हाय?” लोक हसले. “मी हाय ना. दे सोडून माझ्यावर.”

“मीच धरते की हात. माझाच तर एडका हाय.”

गर्दीत कुणी चपलेकडं बघायला लागलं, कुणी एडक्याकडं. रामप्रसाद हळू आवाजात म्हणाला, “चार लोकांत परक्या गड्याच्या हातात हात देतीस? नवऱ्याच्या माघारी? लोक काय म्हणतील, ताई?”

ताराबाईनं हात पदरात घेतला.

माझं रक्त उसळलं. मला वाटलं, हीच ती वेळ. मी बांबूवरून झेप घेतली आणि थेट एडक्याच्या शिंगावर जाऊन बसलो. एडक्यानं मान झटकली, पण मी मागं हटणारा नव्हतो. तत्त्वाचा प्रश्न होता, आणि शिंगाला पकड चांगली होती.

तिथून उपरण्याच्या आतलं सगळं दिसत होतं! तानाजीनं रामप्रसादचा अख्खा पंजा धरला, म्हणजे पाच. दाबून धरला, पुन्हा धरला. रामप्रसादनं मान डोलावली. मग उपरणं झटकून तो ताराबाईकडे आला आणि तीन बोटं दाखवली.

“एवढंच म्हणतोय. एडका लई वाळलाय म्हणं. घाईत हाय तो.”

तीन! पंजा धरला होता, आणि हा तीन सांगत होता. ताराबाईनं त्या तीन बोटांकडं पाहिलं, मग खांबाकडं पाहिलं, मेंढ्यांकडं.

“तीनात न्हाई भागत, भाऊ.”

“मग ह्या बी देऊन टाक. मी लावतो त्यांचं बी.”

सुरजनं, सगळ्या शंकेखोरांनी, आणि ‘पोपटपंची’ शब्द काढणाऱ्यानं नीट ऐकावं. मला त्या वेळी सगळं कळलं होतं. कोण फसवतंय, कुणाला, कितीनं, मला स्वच्छ कळलं होतं. बाजारात हे माहीत असलेला, आणि ते मोठ्यानं बोलायची हिंमत असलेला, मी एकटा होतो. मी पंख पसरले. छाती फुगवली.

तेवढ्यात रामप्रसादचा खिसा चुरचुरला.

मी आधी घसा खाकरला. मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणालो, “द्या सोडून! घरचाच माणूस हाय!”

तुम्ही म्हणता, पोपट जे बोलतो ते त्याला कळत नाही. तुमचं चुकलं. माझी गोष्ट उलटी होती. मला जे कळत होतं, ते मला बोलता येत नव्हतं. माझ्या गळ्यात दुसऱ्यानं भरलेली चार वाक्यं होती, आणि त्यातलं सगळ्यात घातक वाक्य सगळ्यात पाठ होतं.

ताराबाईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम विझून गेलं.

“पाखरू बी तेच म्हणतंय,” ती पुटपुटली. “देवाचंच मन असंल तर मी कोण?” तिनं मला हात जोडले. मग खांबाकडे गेली आणि मेंढ्यांचं दावं सोडायला लागली.

मी ओरडलो. खरंच ओरडलो. बाहेर पडलं, ‘दोन कट!’

“थांब गं ए!” भट्टीवरून केसरबाई आली. हातात सांडशी तशीच. “कौल कशाचा? हे पाखरू मी खारीवर वाढवलंय. देवाची न् ह्याची गाठ कवा पडली?”

“पर बोललं की ते, अक्का.”

“बोललं. पर आधी खाकरलं का न्हाई? माझं पाखरू कशाला खाकरंल? ह्या बाजारात बोलायच्या आधी कोण खाकरतं, तेवढं बघ.”

सगळ्या माना रामप्रसादकडं वळल्या. त्याला नेमकं तेव्हाच खाकरायला आलं. त्यानं ते मोठ्या कष्टानं गिळलं.

“खिसा दाखीव, रामप्रसाद.”

“खिशात काय असतं, मावशी? तंबाखू.”

केसरबाईनं स्वतःच हात घातला. बाहेर आला चुरगळलेला कागद आणि त्यात खारीचा चुरा. तिनं तो ताराबाईपुढं धरला. “हा घे तुझा कौल.”

खरं सांगायचं तर, त्या क्षणीसुद्धा माझी नजर त्या चुऱ्यावरच होती.

इतके दिवस मी सल्ला देत होतो असं मला वाटत होतं. मी तर दुसऱ्याच्या खिशाचा भोंगा होतो. माझी ती तिरकी मान आठवली आणि वाटलं, आत्ताच्या आत्ता लसणाच्या पिंजऱ्यात जाऊन बसावं.

पण केसरबाई तिथं थांबली नाही. तिनं सांडशी बाकड्यावर टाकली, ताराबाईचा पदर ओढून दोघींच्या हातांवर घेतला आणि म्हणाली, “धर. बाईचा हात बाईला चालतो न्हवं? काय पाहिजे ते सांग.” पदराखाली ताराबाईचा हात हलला. केसरबाईनं मान डोलावली आणि तशीच तानाजीपुढं जाऊन उभी राहिली. हात पुढं, वर स्वतःचा पदर.

तानाजी दोन पावलं मागं सरला. “मावशी, आवं असं कसं… बायामाणसांत…”

“जत्रंत कासार सगळ्या बायांचा हात धरून बांगड्या भरतो. दिवसभर धरतो. त्याला कुणी काय म्हणतं का? बांगड्या भरताना हात चालतो, आन् एडका इकताना बाटतो व्हय रं?”

गर्दीत मागं कुणीतरी फसकन हसलं. तानाजी लाल झाला. “तसं न्हाई, पर…”

“मग तोंडानं सांग. सगळ्यांच्या म्होरं.”

हे त्याहून अवघड होतं. तोंडानं भाव सांगितलेला त्या बाजारात कुणी ऐकला नव्हता. तानाजीनं विजारीला हात पुसला, आभाळाकडं तोंड केलं, आणि लहान पोर सुईला दंड देतं तसा हात पदराखाली दिला. केसरबाईनं पाचही बोटं धरली.

तानाजी आभाळातून खाली आला. “आवं, हे तर मघाशीच दिलतं की मी!”

आता गर्दीतला एकही माणूस हलला नाही.

“कुणाला दिलतं?” केसरबाईनं विचारलं.

तानाजीनं रामप्रसादकडं पाहिलं. त्याला आपण काय बोलून बसलो ते आत्ता कळत होतं.

“आता दलाली असती,” रामप्रसाद म्हणाला. “टेम्पो असतो. चहापाणी असतं…”

“टेम्पोचं भाडं तिचं. चहा माझा, पाणी बी माझंच. तुझं काय होतं रं? उपरणं?”

रामप्रसादनं उपरणं खांद्यावर टाकलं, ‘बाजारात चालतंच’ असं काहीतरी म्हणत तो बैलांच्या बाजूला निघून गेला. मला सगळ्यात जास्त कशाचं आश्चर्य वाटलं असेल, तर गर्दीचं. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं. जणू हे सगळं त्यांना फार आधीपासून माहीत होतं.

एडका तानाजीनं नेला. जाताना ताराबाईनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि तोंड वळवलं. मग खांबाच्या मेंढ्या सोडल्या आणि एकेक करून परत टेम्पोत चढवल्या. शेवटची चढेना, तिला मागून ढकलताना ताराबाई हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

टेम्पो सुरू व्हायच्या आधी ती माझ्या बांबूखाली आली. फडक्यातली भाकर काढली, एक कुटका वर धरला.

“बोल की रं काय तरी. आता खरं बोल.”

मला खूप बोलायचं होतं. आतून वाक्य वर आलंही. ते तेच होतं, खाकरण्यासकट. चोच उघडली होती. मी ती मिटली. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक वाक्य मागं घेतलं. त्यासाठी मला जे कष्ट पडले, ते बाभळीपर्यंत उडायलाही पडले नव्हते. भाकर मात्र मी घेतली.

तेव्हापासून मी गप्प आहे. दूध उतू गेलं तरच बोलतो, आणि एसटी आली की चोच दाबून धरतो. कौल मागायला अजूनही माणसं येतात. मी त्यांच्याकडं पाठ करून बसतो. रामप्रसाद आता बाजाराच्या दुसऱ्या टोकाला बसतो. तिकडं पोपट नाही, पण त्याचं अडत नाही असं ऐकतो.

माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कधी नेकनूरला आलात तर केसरबाईच्या हॉटेलात थांबा आणि मला एक वाक्य शिकवा: ‘भाव तोंडानं सांगा.’ मला लगेच जमणार नाही. पण रोज म्हणा, पुन्हा पुन्हा म्हणा. खारी आणायची गरज नाही. मी तत्त्वाचा पक्षी आहे. आणलीच, तर केसरबाईच्या हातात द्या. मला खारीचा कागद ऐकू येऊ देऊ नका.

परवाच्या बाजारी सुरज चहा पीत माझ्याकडं बघत होता.

“मावशी, वकीलसाहेब लई दिवस बोलना झालेत. आजारी हायत का काय? बीडला जनावराच्या दवाखान्यात न्यावं लागंल.”

बाकड्यावर तात्याबा बसले होते. सगळं आयुष्य या बाजारात गेलेला म्हातारा. ताराबाईच्या दिवशीही ते याच बाकड्यावर होते, बशीत चहा ओतत. त्यांनी मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि बशी तोंडाला लावता लावता म्हणाले, “काय बी झालं न्हाई त्याला. आता कळायला लागलंय, दुसरं काय? बघ की, आपल्यावानी गप बसलंय.”